पागेची मधली वाट दर पावसाळ्यात निसरडी होते, खचते: आधी कारण ओळखा, मग फरशी ठरवा

मृगाचे दोन पाऊस झाले की पागेच्या मधल्या वाटेवर घोडा बिचकायला लागतो. दारात थांबतो, मान खाली घालून फरशी हुंगतो, मग पाय ताठ धरून छोटी छोटी पावलं टाकतो. मार्गशीर्षात मालेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणलेली घोडी सगळा उन्हाळा त्याच वाटेनं बिनघोर ये-जा करते आणि पहिल्याच पावसाळ्यात मागच्या पायांवर बसते. एकदा घसरलेलं जनावर ती जागा विसरत नाही. पुढे फरशी सुधारली तरी महिनाभर त्याला हळूहळू चालवून धीर द्यावा लागतो.

मराठवाड्यात यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे फरशी बदलणं. शहाबादी उचकटून कोबा घालतात, कोबा फोडून पेव्हर ब्लॉक बसवतात, ब्लॉकवर रबर टाकतात. दोन पावसाळ्यांत पुन्हा तीच तक्रार येते, कारण बिघाड बहुतेक वेळा वरच्या थरात नसतोच. पाणी कुठून येतं आणि खाली कोणती माती आहे हे न बघता घातलेली सगळ्यात महागडी फरशीही काळ्या रानात टिकत नाही.

एक दिवस तपासणीला द्या

घोडे बाहेर बांधा आणि वाट झाडून कोरडी करा. हातोडीच्या दांड्यानं दर फुटावर ठोकत जा. भरीव जागी आवाज बद्द येतो, पोकळ जागी मडक्यासारखा घुमतो. पोकळ जागांवर खडूनं खुणा करा.

मग वाटेच्या मध्यावर दोन बादल्या, म्हणजे सुमारे ३० लिटर पाणी ओता आणि पंधरा मिनिटं थांबा. पाणी दोन्ही कडांना जाऊन निघून गेलं पाहिजे. जिथे तळं साचेल तिथेही खडूनं गोल काढा. पोकळ आवाजाच्या खुणा आणि साचलेल्या पाण्याचे गोल एकाच ठिकाणी आले, तर खालची जमीन बसली आहे. आवाज सगळीकडे भरीव आणि तरीही पाणी साचतंय, तर उतारच दिलेला नाही. हे दुसरं दुखणं तुलनेनं स्वस्तात निभावतं.

संध्याकाळी पाण्याच्या जागा सोडून पूर्ण कोरड्या भागावर दीड फूट चौरस जाड प्लास्टिक पसरा आणि चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा. सकाळी उचला. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील किंवा फरशी काळपट ओली झाली असेल, तर ओल जमिनीतून वर येते आहे. अशा फरशीवर वरून काहीही चिकटवलं तरी सुटतं.

घसरण मोजायची एक साधी पद्धत आहे. झिजलेली जुनी नाल घ्या, तिच्यावर २० किलो वाळूचं पोतं घट्ट बांधा आणि स्प्रिंगचा तोलकाटा अडकवून आडवं ओढा. नाल हलायला लागते त्या क्षणी काट्यावरचा आकडा लिहून ठेवा. एकदा कोरड्या फरशीवर, एकदा ओल्या, एकदा दाराशी, एकदा ठाणांसमोर, म्हणजे घोडे बांधायच्या जागांसमोर, जिथे ते मुततात तिथे. आकडे शेजारी शेजारी मांडले की घसरण वाटभर आहे की दोन-चार जागांपुरती, हे कळतं. दुरुस्तीनंतर हीच मोजणी पुन्हा करा, म्हणजे अंदाजावर राहावं लागत नाही.

शेवटी नाल बघा. दीड-दोन महिने न बदललेली, आरशासारखी झिजलेली नाल चांगल्या खरबरीत कोब्यावरही सरकते. नालबंदाला बोलवायचं राहून गेलं असेल तर आधी ते करा, मग फरशीला दोष द्या.

फरशी भरीव आहे, पण निसरडी आहे

इथे दोनच कारणं असतात. पहिलं कारण गवंड्याच्या हाताचं. घरातला कोबा करायची सवय असल्यानं तो वर कोरडं सिमेंट भुरभुरून लोखंडी गुरमाळ्यानं घोटतो. दिसायला सुंदर होतो, पण ओला झाला की त्यावर लोखंडाची नाल टिकत नाही. पॉलिश शहाबादी आणि कडप्पाही याच जातीचे. ठाणासमोर चकचकीत पार्किंग टाइल तर बसवूच नये.

असा कोबा फोडायची गरज नाही. ४ इंची कटरनं वाटेला तिरक्या खाचा पाडून घ्या. खाच १० मिमी रुंद, ६ ते ८ मिमी खोल, दोन खाचांमध्ये ३ इंच अंतर, आणि सगळ्या खाचांचा रोख कडेच्या नालीकडे. वाटेच्या सरळ लांबीत पाडलेल्या खाचा उपयोगाच्या नाहीत, कारण घोडा चालतो त्याच दिशेनं नाल खाचेतून घरंगळते. ८ मिमीहून खोल खाचेत लीद बसते आणि खराट्यानं निघत नाही. कटिंग झालं की खाचांच्या धारदार कडा घासदगडानं मोडून घ्या, नाहीतर बिननालेच्या खुराच्या कडा तुटतात. पाणी मारत कापा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. कोरड्या कटिंगची सिमेंट-वाळूची धूळ माणसाच्याही फुप्फुसाला वाईट आणि घोड्याच्याही, म्हणून ते दोन दिवस घोडे आत नकोत.

शहाबादीला मात्र टाकी लावून घ्यावी. पाट्या-वरवंट्याला लावतात तशीच, फक्त ठोके अर्ध्या-पाऊण इंचावर आणि दोन-तीन मिमी खोल. दगड २ इंच जाड असेल तर बिनधास्त लावा. एक इंची फरशी खाली पोकळ असली तर टाकीच्या तिसऱ्या ठोक्याला दुभंगते. म्हणून आधी ठोकून बघण्याला महत्त्व.

दुसरं कारण मुताचा थर. घोडा दिवसाला ५ ते १० लिटर मूत टाकतो. ते मुळात गढूळ असतं, कारण त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. पाणी उडून गेलं की ते कण, लिदीचा चिकटा आणि खुरांना लावलेलं तेल मिळून फरशीवर पिवळट-पांढरी साय धरते. कोरडी असताना कळत नाही, ओली झाली की शेवाळासारखी लागते. ठाणांसमोरचा तोलकाट्याचा आकडा दारापेक्षा बराच कमी आला, तर ही सायच आहे.

ती काढायला कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, १० लिटरला मूठभर, आणि तारेचा नव्हे तर कडक नायलॉनचा ब्रश. दहा मिनिटं भिजू द्या, घासा, भरपूर पाण्यानं धुवा. संडास धुण्याचं अॅसिड वापरू नका. शहाबादी हा चुनखडीचाच दगड आहे, अॅसिड त्याला आणि कोब्यातल्या सिमेंटला दोघांनाही खातं. आठ दिवस फरशी स्वच्छ दिसते, मग तिच्या खड्ड्या-छिद्रांत मूत आणखी मुरतं. ब्लीचिंग पावडरही मुताच्या ओल्या जागी टाकू नये, अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो. जंतुनाशक म्हणून वापरायचीच असेल तर फरशी आधी साध्या पाण्यानं पूर्ण धुऊन घ्या, आणि अॅसिडजवळ तर तिला कधीच नेऊ नका.

वासासाठी चुन्याची फक्की मारायची पद्धत गावोगाव आहे. ओल्या मुतावर चुना पडला की अमोनिया अडकत नाही, उलट जोरानं बाहेर पडतो आणि डोळे चुरचुरतात. ओल्या जागेवर लाकडाचा भुसा टाका, दहा मिनिटांनी भरून उचला, मग पाण्यानं धुवा.

फरशी खचते, हलते, तडकते

खरं काम इथे आहे. एप्रिल-मे महिन्यात पागेच्या अंगणात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडत असतील, तर पागा काळ्या मातीवर उभी आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. आणि ती सगळीकडे सारखी फुगत नाही. भिंतीच्या कडेला पागोळ्यांचं पाणी मुरतं म्हणून तिथे आधी उचलते, वाटेच्या मध्याखाली कोरडी राहते. कडा वर, मध्य खाली, आणि मधोमध लांबट तडा. उन्हाळ्यात नेमकं उलटं होतं. पागेला लागून मोठं कडुलिंबाचं किंवा पिंपळाचं झाड असेल तर त्याची मुळं एका बाजूची ओल ओढून घेतात आणि तो कोपरा जास्त बसतो.

पागोळ्यांच्या पाण्याचा हिशोब करून बघा. ४० फूट लांब, २० फूट रुंद पत्र्याच्या छपरावर ५० मिमी पाऊस झाला, तर सुमारे ३,७०० लिटर पाणी खाली येतं. पन्हळ नसेल तर निम्मं एका भिंतीच्या पायाशी, निम्मं दुसऱ्या. त्यामुळे फरशीला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंना पन्हळ बसवा आणि नळीनं पाणी भिंतीपासून किमान १० फूट लांब सोडा. भिंतीबाहेर ३ फूट रुंद पट्टी चोपलेल्या मुरमाची किंवा कोब्याची करा आणि तिला ३ इंच उतार बाहेरच्या बाजूला द्या. ज्यांना यंदा खोदकाम परवडणार नाही त्यांनी निदान एवढं तरी करावं. बराचसा त्रास यानंच कमी होतो.

पाया बदलायचाच असेल तर ४० फूट लांब आणि १० फूट रुंद वाटेचं माप असं. अंगणाच्या पातळीपासून २ फूट काळी माती काढा. एकदम सगळी नको, दहा-दहा फुटांच्या तुकड्यात काढा. भिंतीच्या किंवा खांबाच्या पायाखाली खणू नका, तिथे दीड फूट अंतर ठेवा. मग तयार वाट अंगणापेक्षा ९ इंच उंच राहील या हिशोबानं मुरूम भरा. वरच्या ६ इंच दगडी सोलिंगची आणि ५ इंच कोब्याची जागा सोडून मुरमाची जाडी २२ इंच येते. तेवढ्याला चोपून सव्वासात ब्रास लागतो, म्हणजे सुटा ९ ते साडेनऊ ब्रास मागवावा. ब्रास म्हणजे १०० घनफूट.

मुरूम बघून घ्या. लालसर, कचकचीत, नखानं न फुटणारे खडे असलेला हवा. थोडी ओली मूठ घेऊन तळहातावर वळून बघा, दोऱ्यासारखी बारीक वळी झाली तर त्यात चिकणमाती जास्त आहे, ती गाडी परत पाठवा. दुसरी मोठी चूक म्हणजे मुरमाऐवजी वाळू किंवा डस्ट भरणं. काळ्या मातीतल्या खड्ड्यात भरलेली वाळू पाणी साठवणारी टाकी होते आणि खालच्या मातीला वर्षभर पाणी पाजत राहते. न फुगणारा, दाबून घट्ट बसणारा थरच हवा. काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तराखालीही याच कारणानं असा थर देतात.

सुटा मुरूम ६-६ इंचांच्या थरांत टाका, पाणी शिंपडा आणि प्लेट कॉम्पॅक्टरनं किंवा धुमसानं चोपा. पाणी किती? मुठीत गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये एवढंच. ट्रॅक्टरनं दोन फुटांचा ढीग ओतून वरून चोपलं तर वरचे सहा इंच दगडासारखे होतात आणि खालचा भाग तसाच भुसभुशीत राहतो. मुरूम घालूनही खचलेल्या बहुतेक वाटांचं कारण हेच निघतं.

मुरमावर ६ इंच डबराचं सोलिंग करा, साधारण २ ब्रास. फटी खडीनं आणि कचीनं भरा. दगडांमधली जागा मोठी असल्यानं खालची ओल त्यातून वर चढत नाही. त्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, जोडावर एक फूट एकावर एक.

काळ्या मातीवर पातळ भराव करून नुसती लोखंडी जाळी घालायचा सल्ला पुष्कळ जण देतात. जाळीनं तडा रुंद होत नाही हे खरं, पण फुगणारी माती जाळीसकट कोबा उचलते. पैसे थोडे असतील तर ते लोखंडात नको, मुरमात आणि पन्हळीत घाला.

वर काय घालावं

मराठवाड्यातल्या बहुतेक पागांसाठी खरबरीत कोबा आणि घोडा बांधून खरारा करायच्या जागी रबरी मॅट, ही जोडी सगळ्यात जास्त निभावते. बाकीच्या फरशांनाही त्यांची जागा आहे.

नुसती चोपलेली मुरमाची वाट घोड्याच्या पायांना सगळ्यात मऊ. दोन-तीन घोडे असतील, छप्पर चांगलं असेल आणि दर दिवाळीनंतर एक थर टाकायची तयारी असेल तर खुशाल ठेवा. मुतानं खळगे पडतात, ते त्याच आठवड्यात भरले नाहीत तर बादलीएवढे होतात.

शहाबादी मराठवाड्याला जवळ. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते, मिळायला सोपी. घ्यायची तर बिनपॉलिशची, दीड ते दोन इंच जाड आणि पूर्ण मालाच्या थरावर बसवलेली. चार कोपऱ्यांना मालाचे गोळे ठेवून वर फरशी टेकवायची पद्धत इथे चालत नाही. ३५० किलोच्या घोड्याचं साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणजे नुसता उभा असताना एका पुढच्या खुराखाली शंभर किलोच्या वर. चालताना त्याहून जास्त, आणि तेही नालेच्या पातळ कडेवर. मध्ये पोकळ असलेली फरशी एवढं सहन करत नाही.

पेव्हर ब्लॉक ८० मिमीचा, दोन्ही कडांना काँक्रीटची धार देऊन, फक्त कोरड्या वाटेला. ठाणांमधून मूत वाटेवर येत असेल तर ते ब्लॉकच्या सांध्यांतून खाली उतरतं, वास जात नाही आणि सांध्यातली वाळू धुण्याबरोबर निघून जाते.

साखर कारखान्यातला जुना कन्व्हेअर पट्टा स्वस्तात मिळतो म्हणून खूप जण अंथरतात. त्याची गुळगुळीत बाजू ओली झाली की साबण लावल्यासारखी होते, आणि उलटा टाकला तर कापडाचा थर मूत पिऊन कुजतो. आत तारा असलेला पट्टा तर आणूच नका, झिजल्यावर टोकं वर येऊन खुरात घुसतात.

कोबा घालताना

जाडी ५ इंच. वरच्याच मापाच्या वाटेला १ : १॥ : ३ प्रमाणात ५० किलोच्या ३८ गोण्या सिमेंट, पाऊण ब्रासला थोडी कमी वाळू किंवा क्रश सँड आणि १.४ ब्रास २० मिमी खडी. नासधूस धरून ४० गोण्या आणा. गोणीला २५ ते २७ लिटर पाणी, त्यात ओल्या वाळूतलं पाणीही आलं. माल सरकत नाही म्हणून मजूर बादली उपडी करतात, तिथे लक्ष ठेवा. जादा पाण्याच्या कोब्याची वरची साल वर्षभरात नालेखाली भुकटी होऊन निघते. बोअरचं पाणी खारट असेल तर कालवायला टँकरचं गोडं पाणी आणा.

मध्य उंच, दोन्ही कडा खाली. ५ फुटांत १ इंच उतार पुरतो. याहून जास्त दिला तर घोड्याला तिरकं उभं राहावं लागतं. कडेची नाली ८ ते १० इंच रुंद आणि जेमतेम १ इंच खोल ठेवा, बशीसारखी गोल. खोल चौकोनी नालीत पाय अडकतो. दारातला उतरण रस्ता ९ इंच उंचीला साडेसात फूट लांब घ्या.

भिंतीला लागून १२ मिमी थर्मोकोलची पट्टी उभी ठेवा, म्हणजे कोबा आणि भिंत एकमेकांना ओढणार नाहीत. दर १० फुटांवर आडवा सांधा, सव्वा इंच खोल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कटरनं कापून घ्या. उन्हाळ्यात त्याच संध्याकाळी. उशीर झाला की कोबा स्वतःच्या मर्जीनं तडकतो.

पोत द्यायची वेळ नेमकी साधावी लागते. लाकडी गुरमाळ्यानं सारखं करा आणि वर आलेलं पाणी जिरेपर्यंत थांबा. अंगठा दाबला की जेमतेम पाव इंच रुतावा आणि बोटाला ओला माल लागू नये. त्या वेळी कडक खराटा वाटेच्या आडव्या दिशेनं एकाच ओढीत फिरवा. लवकर फिरवला तर रेघा मिटतात, उशिरा फिरवला तर खडे उपटतात. वर कोरडं सिमेंट टाकू देऊ नका, हे गवंड्याला सकाळीच सांगून ठेवा आणि त्या तासाला तिथे उभे राहा. पोत जास्तही नको. बिननालेचा आणि टापा आपटायची खोड असलेला घोडा फार खरबरीत कोब्यावर खूर झिजवून घेतो.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. किमान १० दिवस कोबा ओला राहिला पाहिजे. ४०० चौरस फुटांवर इंचभर पाणी बांधायचं तर साडेनऊशे लिटर लागतं आणि ते रोज उडतं. त्यापेक्षा ओली गोणपाटं आणि वर प्लास्टिक, थोड्या पाण्यात काम होतं. घोडे १४ दिवसांनी आत घ्या, चाऱ्याची ट्रॉली २८ दिवसांनी.

रबरी मॅट

१८ मिमी जाडीची, ४ बाय ६ फुटांची एक मॅट सुमारे ४५ किलो भरते. पाठीवर उभ्या रेघा असलेली घ्या आणि त्या रेघा नालीकडे वळवा, म्हणजे खाली गेलेलं पाणी वाहतं. पौष-माघातल्या थंडीत एकमेकींना चिकटवून बसवलेल्या मॅट एप्रिलमध्ये ४२ अंशांत फुगून मधून वर उचलतात आणि घोड्याची नाल नेमकी त्या कडेला अडकते. थंडीत बसवत असाल तर दोन मॅटमध्ये ६ मिमी फट सोडा, भिंतीपाशीही. ऊन थेट पडतं त्या दाराच्या पहिल्या चार फुटांत काळं रबर टाकू नका, दुपारी पाय ठेववत नाही.

मॅट पंधरा दिवसांतून एकदा उचला, खाली धुवा, दोन तास वाळू द्या. दोन माणसं आणि वाकवलेल्या गजाचे दोन हूक एवढं पुरतं. उचलल्यावर एकाच कोपऱ्याखाली कायम ओल दिसत असेल तर तिथला उतार बसला आहे. तिथे पुन्हा दोन बादल्या पाणी ओतून बघा.